‘पक्के’ घर आणि थंड घर : दरेकसा येथील घरबांधणीच्या संदर्भात ऊर्जासंहितेचा विचार

घरबांधणीचे नियम प्रायः तीन हेतूंनी निर्माण झाले. घर कोसळू नये, त्यास आग लागू नये आणि त्यात राहणाऱ्यांचे आरोग्य बिघडू नये, हे ते तीन हेतू होत. गेल्या अर्धशतकात त्यांत चौथ्या हेतूची भर पडली. घराने ऊर्जा कमी वापरावी, हा तो चौथा हेतू. १९७३ च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांत ह्या विषयाचे नियम कडक होत गेले. ते देश थंड असल्यामुळे घरातील ऊब बाहेर जाऊ न देणे हे त्यांचे मुख्य प्रयोजन होते. भारताच्या बहुतेक भागांत प्रश्न नेमका उलट आहे. येथे बाहेरचा ताप आत येऊ न देणे हेच नियमाचे काम ठरते.

असा नियम देशाच्या राजधानीत तयार झाला, तरी घर बांधले जाते ते गावात. यास्तव नियमाचा खरा कस त्याच्या स्थानिक स्वीकारात लागतो. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा ह्या गावाच्या संदर्भात केला आहे. हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरील हे स्थानक महाराष्ट्र व छत्तीसगड ह्यांच्या सीमेजवळ, डोंगर व जंगल ह्यांच्या सान्निध्यात वसले आहे. हाजरा धबधबा आणि गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या कचारगडच्या गुहा येथून जवळच आहेत. ह्या परिसरात झाडीबोली, गोंडी, छत्तीसगडी व हिंदी ह्या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. मराठीच्या पश्चिमेकडील बोलींत ज्यास ‘कौल’ म्हणतात, त्यास येथे ‘कवेलू’ म्हणतात. आणि गोंडीत घराला ‘रोन’ असे नाव आहे. घराच्या नियमांचा विचार करताना घराच्या ह्या भाषेकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. अधिनियम, संहिता, नियम आणि उपविधी

सर्वसामान्य व्यवहारात ‘कायदा’ ह्या एकाच शब्दाने ज्यांचा निर्देश होतो, त्या वस्तुतः चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. संसदेने केलेला तो अधिनियम. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली संमत झाला व १ मार्च २००२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याच दिवशी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. अधिनियमाच्या आधारे केंद्र शासन जी तपशीलवार मानके सिद्ध करते ती संहिता. व्यापारी इमारतींसाठी अशी संहिता मे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली व २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आली. ह्या नावाची घडण मोठी बोलकी आहे. इंग्रजी शब्दाचा तोडलेला आद्य भाग, संस्कृत ‘निवास’ आणि शास्त्रग्रंथांची आठवण करून देणारी ‘संहिता’ अशा तीन वस्तूंची ही जोडणी आहे. खेड्यातील गवंड्याच्या तोंडी सहज बसेल असा मात्र तीत एकही शब्द नाही.

संहिता स्वतः होऊन कोणासही बांधत नाही. अधिनियमाच्या कलम १५ अन्वये राज्य शासनाने प्रादेशिक व स्थानिक हवामानास अनुसरून तीत फेरबदल करावेत आणि नियमांद्वारे ती अधिसूचित करावी, अशी योजना आहे. हा तिसरा टप्पा. त्यानंतर स्थानिक संस्थेच्या बांधकामविषयक उपविधींत त्या तरतुदी उतरल्या, म्हणजेच बांधकामाचा नकाशा तपासणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती त्या आल्या, की स्वीकार पूर्ण झाला असे म्हणता येते. चारांपैकी एकही कडी तुटली, तर वरचा सारा मजकूर कागदावरच राहतो. ‘स्थानिक हवामानास अनुसरून’ हे शब्द अधिनियमातच आहेत, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्थानिक विचार ही नियमाला दिलेली सवलत नसून तो नियमाचाच एक भाग आहे.

२. संहिता काय मोजते ?

निवासी संहितेचा मुख्य भर घराच्या आवरणावर, म्हणजे भिंती, छप्पर व खिडक्या ह्यांवर आहे. तीतील तीन मापे समजून घेतली की तिचा आशय स्पष्ट होतो.

पहिले माप छपराचे. एखाद्या छपराच्या दोन बाजूंच्या तापमानांत एका अंशाचा फरक असताना त्याच्या एक चौरस मीटर क्षेत्रातून किती वॅट उष्णता आत येते, ह्या अंकास पारगमनांक म्हणता येईल. संहितेप्रमाणे तो १.२ पेक्षा अधिक असू नये. सुमारे चार इंची उघड्या काँक्रीट स्लॅबचा पारगमनांक ३.६ च्या जवळपास जातो, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. दुसरे माप भिंतींचे. छप्पर वगळून उरलेल्या आवरणातून उन्हाळ्याच्या काळात सरासरीने येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक नसावी. तिसरे माप खिडक्यांचे. उघडता येणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या ठराविक प्रमाणात असावे लागते. हे प्रमाण उष्ण व कोरड्या प्रदेशात १० टक्के, उष्ण व दमट प्रदेशात १६.६६ टक्के आणि संमिश्र हवामानाच्या प्रदेशात १२.५ टक्के ठरविले आहे. नागपूर व रायपूर ही दोन्ही शहरे संमिश्र हवामानाच्या गटात येतात आणि दरेकसा त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहे. येथील मे महिना कडक व कोरडा, पावसाळा भरपूर आणि हिवाळ्यातील रात्री गारठ्याच्या असतात. ‘संमिश्र’ ह्या शब्दाचा अर्थ हाच.

पहिल्या मापाचे व्यवहारातील महत्त्व एका हिशेबाने स्पष्ट होईल. २५ चौरस मीटर छपराचे एक लहान घर कल्पावे. मे महिन्यातील दुपारी हवेचे तापमान ४३ अंश असताना काळवंडलेल्या स्लॅबवर ऊन व हवा ह्यांचा एकत्रित परिणाम सुमारे ७० अंशांच्या तापमानाइतका होतो. आतील तापमान ३८ अंश धरले, तर फरक ३२ अंशांचा येतो. अशा स्लॅबमधून आत येणारी उष्णता २५ × ३.६ × ३२, म्हणजे २,८८० वॅट भरते. भर उन्हाळ्यात डोक्यावर दीड हजार वॅटच्या जवळजवळ दोन विजेच्या शेगड्या पेटवून ठेवण्यासारखे हे आहे. संहितेतील १.२ हा अंक साधला, तर हीच राशी ९६० वॅटवर येते. पण स्लॅबच्या जाडीस हात न लावता त्यावर केवळ चुन्याची पांढरी सफेदी केली, तरी ऊन मोठ्या प्रमाणात परावर्तित होऊन एकत्रित परिणाम ५३ अंशांच्या आसपास येतो आणि आत येणारी उष्णता १,३५० वॅट, म्हणजे निम्म्याहून कमी होते. हा हिशेब ढोबळ आहे. स्लॅब उष्णता साठवून ठेवतो व तिचा मोठा भाग सायंकाळनंतर खोलीत सोडतो, हे त्यात धरलेले नाही. तथापि त्यामुळे निष्कर्ष सौम्य होत नाही. दिवसभर शेतात वा जंगलात राबलेल्या माणसाच्या झोपेच्या वेळीच घर सर्वांत तापलेले असते, एवढेच त्यावरून अधिक कळते.

३. नियम कोणास लागू होतो ?

आता हा नियम दरेकसा येथील घरास लागू होतो काय, हे पाहिले पाहिजे. मूळ अधिनियमात ५०० किलोवॅट जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींचाच विचार होता. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० किलोवॅटवर आली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ जानेवारी २०२३ पासून अंमलात आली, निवासी इमारतींचाही त्यात समावेश झाला आणि ही मर्यादा आणखी खाली आणण्याची मुभा राज्यांना मिळाली. निवासी संहितेच्या २०१८ च्या पहिल्या भागाने ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारती आपल्या कक्षेत घेतल्या होत्या. दोन-तीन दिवे, एक-दोन पंखे आणि एक दूरदर्शनसंच असलेल्या घराचा जोडभार अर्धा किलोवॅटही भरत नाही. अशी दोनशे घरे एकत्र केली, तेव्हा कोठे १०० किलोवॅटची मर्यादा गाठली जाईल.

राज्याच्या पातळीवरही असेच चित्र दिसते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या महाराष्ट्राच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित इमारतींना मानांकनाच्या श्रेणीप्रमाणे ३, ५ व ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक देण्याची तरतूद आहे. वाढीव बांधकाम विकून जेथे लाभ होतो, त्या शहरांत ह्या प्रोत्साहनास अर्थ आहे. जेथे जमीन मोकळी आहे आणि मजल्यावर मजला चढत नाही, तेथे ते निरर्थक ठरते. त्याच नियमावलीने शासकीय व निमशासकीय इमारतींना किमान मानांकन अनिवार्य केले आहे. त्यामुळे सालेकसा तालुक्यासारख्या भागात नियमाची झळ पोचलीच, तर ती शाळा, वसतिगृह, दवाखाना अशा इमारतींना पोचेल. खासगी घराच्या बाबतीत प्रवाह नेमका उलट्या दिशेने वाहतो. २०२१ च्या आरंभी राज्य शासनाने गावठाणातील बांधकामांना मोठी सूट दिली. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडास परवानगीची गरज उरली नाही आणि ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी पुरेशी ठरली. ग्रामस्थांची कार्यालयांतील पायपीट वाचली, हे इष्टच झाले. परंतु ३,२०० चौरस फूट म्हणजे सुमारे ३०० चौरस मीटर, आणि निवासी संहितेचा विचार सुरू होत होता तो ५०० चौरस मीटरपासून. म्हणजे गावातील सर्वसाधारण घर हे नगररचनाकाराच्याही दृष्टीस पडत नाही आणि संहितेच्याही.

ह्यावरून गावातील घरास कोणताच नियम नाही असे मात्र समजू नये. एक नियम अत्यंत प्रभावी आहे. तो बांधकामाच्या उपविधीत नसून एका शब्दात आहे.

४. ‘कच्चे’ आणि ‘पक्के’

‘पक्का’ हा शब्द संस्कृत ‘पक्व’ ह्यापासून प्राकृत ‘पक्क’ ह्याच्या द्वारा आला. शिजलेले अन्न व पिकलेले फळ हा त्याचा मूळ अर्थ. तेथून तो भट्टीत भाजलेल्या विटेकडे गेला आणि पक्की वीट व कच्ची वीट असा भेद रूढ झाला. पुढे अर्थाचा विस्तार होऊन पक्का रस्ता, पक्का रंग, पक्की पावती, पक्का मित्र अशा प्रयोगांत ‘टिकाऊ, भरवशाचा’ हाच अर्थ प्रधान झाला. बोलण्यात ह्या विस्ताराने काहीच बिघडत नाही. परंतु हाच शब्द शासकीय नोंदीत शिरला की त्याच्या अर्थावर माणसाचे घर अवलंबून राहते.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत घरांच्या भिंती व छपरे ह्यांच्या साहित्याची नोंद झाली आणि त्यावरून कच्ची व पक्की घरे ठरली. त्या वर्गीकरणात गवत, बांबू, माती ह्यांच्याबरोबर हाताने घडविलेली कौलेही कच्च्या छपरांत गणली गेली. यंत्रावरील कौले, लोखंडी वा सिमेंटचे पत्रे आणि काँक्रीट ही पक्क्या छपरांत गेली. ह्यातील विसंगती शब्दाच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे उघड होते. कवेलू कुंभाराच्या आव्यात भाजून निघते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते अक्षरशः ‘पक्व’ आहे. तरीही नोंदीत ते कच्चे, आणि ज्याचा भट्टीतील विटेशी काही संबंध नाही असा, दुपारी हात लावू न देणारा पत्रा मात्र पक्का.

हे वर्गीकरण अविचाराने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने मोजला तो टिकाऊपणा. कवेलूचे घर दर पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते, माकडांच्या धुमाकुळाने कवेलू फुटतात, वासे वाळवी खाते, सरपटणाऱ्या प्राण्यांचे भय असते. मातीच्या भिंती सारवणे व लिंपणे हे बायकांच्या वाट्याचे न संपणारे काम आहे. स्लॅबचे घर हवे ही गावकऱ्यांची इच्छा केवळ प्रतिष्ठेपोटी नसून ती ह्या कष्टांतून निर्माण झाली आहे. शिवाय केवळ कवेलूचे छप्पर संहितेची १.२ ही कसोटी पार करील असेही नाही. त्याचा गुण वेगळा आहे. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते, सूर्यास्तानंतर ते लवकर निवते, खाली बांबूचा व मातीचा माळा असल्यास ताप तेथेच अडतो, जाड मातीची भिंत दुपारचे ऊन कित्येक तास आत पोचू देत नाही आणि दारापुढची छपरी भिंतीवर सावली धरते. जुन्या घरातील हे उष्णतेचे शास्त्र कोणत्याही रकान्यात नोंदले गेले नाही. कारण ‘पक्के’ ह्या शब्दात त्यास जागाच नव्हती.

ह्या शब्दाचा परिणाम प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात स्पष्ट दिसतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या ह्या योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर अभिप्रेत आहे. सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ, दुर्गम व एकात्मिक कृती आराखड्यातील जिल्ह्यांत १,३०,००० रुपये साहाय्य ठरले. गोंदियाचा समावेश ह्या आराखड्याच्या जिल्ह्यांत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने देशात आणखी २ कोटी घरे बांधण्यास मान्यता दिली असून त्यांचा काळ २०२८–२९ पर्यंतचा आहे. पक्के घर निदान तीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. अर्थात् आज ओतला जाणारा स्लॅब त्या घरातील आजच्या बालकाच्या प्रौढपणापर्यंत त्याच्या डोक्यावर राहणार आहे. चूक झाली तर ती तीस वर्षांची होईल.

५. स्वीकाराची जागा

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा, की दरेकसा येथे कडक नियमाचा स्वीकार नकाशामंजुरीच्या मार्गाने होणे संभवत नाही, कारण तेथे नकाशा मंजूर करणारेच कोणी नाही. जेथे घराविषयी निर्णय होतो तेथेच नियम पोचला पाहिजे. आणि असा निर्णय दोन ठिकाणी होतो. एक, घरकुलाचे साहाय्य मंजूर होते त्या ठिकाणी. दुसरे, गवंड्याच्या हातात.

पहिल्या ठिकाणाचे उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये शीतल छपरांविषयी पाच वर्षांचे धोरण जाहीर केले. त्यात शासकीय इमारतींना व शासनपुरस्कृत घरकुलांना अशी छपरे अनिवार्य केली असून ६०० चौरस यार्डांहून लहान भूखंडांवरील खासगी घरांना ती ऐच्छिक ठेवली आहेत. लहान घरमालकावर सक्ती नाही, परंतु जे घर शासनाच्या पैशाने उभे राहते त्यास मात्र कसोटी आहे, हे तारतम्य लक्षणीय आहे. महाराष्ट्रात त्यास उपयोगी पडेल अशी यंत्रणा तयार आहे. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र स्थाननोंदीसह घेतले जाते. त्या छायाचित्रात पांढरे छप्पर व उघडणाऱ्या खिडक्या दिसल्या पाहिजेत, एवढी अट घालण्यास नवे कार्यालय लागत नाही. त्याचप्रमाणे २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात ग्रामपंचायतींचे मूल्यमापन पंचमहाभूतांच्या सदरांखाली होते. त्यांतील ‘अग्नी’ ह्या सदरात ऊर्जाबचतीचा विचार आहेच. घराच्या तापाचा विचार त्यात सामावणे अवघड नाही.

दुसऱ्या ठिकाणी प्रश्न भाषेचा आहे. घरकुल योजनेबरोबर ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षणही चालविले जाते. तेथे ‘पारगमनांक १.२’ हे शब्द उच्चारून काही साधणार नाही. संहितेतील काही मापे मात्र मुळातच कारागिराच्या मापांत आहेत. त्यांवर दशांशाचा पेहराव चढल्याने ती परकी दिसतात. १२.५ टक्के म्हणजे आठवा हिस्सा. जमीन जेवढी, तिच्या आठव्या हिश्श्याइतकी उघडणारी खिडकी, हे वाक्य कोणताही मिस्त्री एकदा ऐकून विसरणार नाही. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्याचा आठवा हिस्सा ३४ चौरस फूट, म्हणजे चार फूट लांबी-रुंदीच्या दोन खिडक्या व वर एक झरोका. छपराचे मापही असेच उतरविता येते. चार इंची उघड्या स्लॅबवर केवळ विटांच्या तुकड्यांचा कोबा घातल्याने १.२ हा अंक साधत नाही. त्यासाठी उष्णतारोधक थर लागतो आणि तो मिळणाऱ्या साहाय्यात बसणे कठीण आहे. तोवर उन्हाळ्यापूर्वी दर वर्षी स्लॅबला पांढरा चुना हा नियम पुरेसा समजावा. हा चुना पावसात धुपतो, म्हणून तो वर्षासनाप्रमाणे पाळावा लागतो. परंतु ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या दर पावसाळ्यापूर्वी कवेलू शाकारले गेले, तेथे वर्षातून एकदा छपराकडे पाहण्याची सवय नव्याने शिकवावी लागत नाही. पश्चिमेच्या भिंतीपुढे छपरी हा तिसरा नियम होय, आणि तो तर गावाने संहितेच्या कितीतरी आधी पाळलेला आहे.

हे तीन नियम झाडीबोलीत, गोंडीत आणि छत्तीसगडीत सांगता येण्याजोगे आहेत. त्यांचा मसुदा कार्यालयीन मराठीत करून मग त्याचे भाषांतर करण्यापेक्षा तो मिस्त्री व घरधनी ह्यांच्या बोलण्यातूनच तयार होणे अधिक फलदायी ठरेल. कारण गवताचा, मातीचा, बांबूचा व कवेलूचा स्वभाव सांगणारे शब्द त्यांच्याजवळ आहेत, संहितेजवळ नाहीत.

६. समारोप

कडक नियम म्हणजे अधिक दंड किंवा अधिक कागदपत्रे असा समज रूढ आहे. ऊर्जासंहितेच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. १०० किलोवॅटची मर्यादा ५० वर आणली, तरी दरेकसा येथील एकाही लहान घरात त्याने फरक पडणार नाही. ‘पक्के घर’ ह्या दोन शब्दांच्या व्याख्येत मात्र ‘जे टिकते’ ह्याच्या जोडीला ‘जे तापत नाही’ एवढे तीन शब्द आले, तर २०२९ पर्यंत बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घरकुलापर्यंत नियम पोचेल. स्थानिक स्वीकार म्हणजे वरून आलेल्या मजकुरावर खाली सही करणे नव्हे. आपल्या हवामानाची कसोटी आपल्या शब्दांत त्या मजकुरात घालणे, हाच त्याचा अर्थ अधिनियमाच्या कलम १५ मध्येही अभिप्रेत आहे. तो अधिकार राज्याजवळ आहे, तपासणीची यंत्रणा योजनेजवळ आहे आणि ज्ञान गावाजवळ आहे. ह्या तिन्ही गोष्टी घरकुलाचा स्लॅब ओतण्यापूर्वी एकत्र येणे आवश्यक आहे. ओतल्यानंतर त्या घरासाठी तीस वर्षे थांबावे लागेल.